कादंबरीकार वर्गात नेमकं काय शिकवतो?

अनुस्वार:

गेली अकरा वर्षं मी विद्यापीठात सर्जनशील लेखनाचा वर्ग घेते. कादंबऱ्या त्याआधीपासून लिहिते. परवा विभागाच्या बैठकीत एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी अगदी मनापासून विचारलं, "तुम्ही तिथे नेमकं शिकवता काय? भाषाशास्त्रात ध्वनी शिकवतात, इतिहासात साधनं कशी वाचायची ते शिकवतात. तुमच्याकडे मुलं कथा घेऊन येतात आणि कथा घेऊन जातात. मधे काय होतं?" मी काहीबाही बोलले. घरी आल्यावर वाटलं, याचं नीट उत्तर आपल्याला देता यायलाच हवं. म्हणून हा धागा.

आधी माझी चूक सांगते. पहिली दोन वर्षं मी मला जसं शिकवलं गेलं तसंच शिकवलं. कथा आठवडाभर आधी सगळ्यांना वाटायची, मग वर्ग गोल बसणार, लेखकाने तोंड उघडायचं नाही, बाकीच्यांनी अर्धा तास बोलायचं आणि शेवटी लेखकाला दोन मिनिटं. दुसऱ्या वर्षी एक मुलगी होती. तिच्या कथेवर बोलणं सुरू असताना ती बारीक अक्षरात सगळं वहीत उतरवून घेत होती. कुणी म्हणालं शेवट बदल, कुणी म्हणालं सुरुवातीचं पान काढ, कुणी म्हणालं नवऱ्याच्या बाजूने लिही. तास संपल्यावर तिने वही मिटली, "थँक यू मॅडम" म्हणाली आणि गेली. पुढच्या तासाला आली नाही. नंतर कळलं, तिने विषयच बदलून घेतला. तिची कथा चांगली होती. वर्गाला काय हवं ते तिने अर्धा तास ऐकलं, पण तिला काय लिहायचं होतं ते आम्ही कुणीच विचारलं नाही. त्या वर्गाची शिक्षिका मी होते. हे मला अजून टोचतं.

त्यानंतर मी वर्ग उलटा केला. आता पहिल्या फेरीत फक्त कागदावर काय आहे तेवढंच बोलायचं. आवडलं-नावडलं नाही. "मला ही बाई तिसऱ्या परिच्छेदापर्यंत म्हातारी वाटत होती." "मला दोनदा मागे जाऊन वाचावं लागलं." एवढंच. मग लेखक वर्गाला प्रश्न विचारतो, त्याला स्वतःला जिथे शंका आहे तिथले. मग वर्ग लेखकाला विचारतो, पण प्रश्नात सल्ला लपवायचा नाही. "शेवट असा ओढूनताणून का केलास?" हा प्रश्न नव्हे, टोमणा आहे. "शेवटच्या दिवशी तिच्याकडे घराची किल्ली होती का?" हा प्रश्न. मत सगळ्यात शेवटी, तेही लेखकाने हवं म्हटलं तर. ही मांडणी माझी नाही. लिझ लर्मन या नृत्यदिग्दर्शिकेने 1990 मध्ये नाचाच्या तालमींसाठी चार पायऱ्यांची अशी पद्धत आखली. मी ती लेखनासाठी थोडी वाकवून घेतली.

एक उदाहरण देते. विद्यार्थ्याची परवानगी घेतली आहे. त्याच्या पहिल्या खर्ड्यातलं वाक्य असं होतं:

"वडील गेल्यानंतर घर सुनं सुनं वाटत होतं. प्रत्येक वस्तूत त्यांची आठवण दडलेली होती. त्यांचा चष्मा टेबलावर तसाच पडला होता. तो पाहून तिचं मन भरून आलं."

पूर्वीची मी असते तर म्हटलं असतं, भावना सांगू नका, दाखवा. हे वाक्य खरं आहे, पण ते ऐकून हातातलं पान सुधारता येत नाही. यावेळी वर्गातल्या एका मुलाने विचारलं, "'तसाच' म्हणजे कसा? काचा वर की खाली?" लेखक गप्प. मग म्हणाला, "मिटलेला. ते नेहमी मिटून ठेवायचे." दुसरीने विचारलं, "चष्मा जुना होता का?" तो म्हणाला, "हो, एक काडी ढिली झाली होती. तिला दोरा गुंडाळला होता." "कुणी?" इथे तो बराच वेळ थांबला. "तिनेच," तो म्हणाला, आणि स्वतःच मान खाली घालून लिहायला लागला. पुढच्या आठवड्यात परिच्छेद असा आला:

"टेबलावर चष्मा होता. मिटलेला. डाव्या काडीला तिनेच गुंडाळलेला काळा दोरा. रविवारी नवा करून आणू, ती म्हणाली होती. दोरा अजून घट्ट होता."

यात एकही शब्द वर्गाने दिलेला नाही. दोरा त्याच्याकडेच होता. त्याने आपल्या पानाकडे पुरेसं जवळून पाहिलं नव्हतं, इतकंच.

तर सहकाऱ्यांना मी हे सांगायला हवं होतं: मी लिहायला शिकवत नाही, स्वतःचा खर्डा वाचायला शिकवते. कादंबरी लिहिणाऱ्याची वर्षंच्या वर्षं यातच जातात. नवी पानं लिहिण्याचे दिवस थोडे. बहुतेक दिवस कालचीच पानं परक्यासारखी वाचण्याचे. ही एवढी एक गोष्ट मला येते आणि ती दुसऱ्याला शिकवता येते, असा माझा अनुभव आहे.

तुम्ही कधी अशा वर्गात बसला असाल, किंवा असे वर्ग निरुपयोगी आहेत असं तुमचं मत असेल, तरी लिहा. दोन्ही ऐकायचं आहे.

जुना वाचक:

लेख आवडला, चष्म्याचा परिच्छेद तर फारच. तरीही माझी शंका जात नाही. चाळीस वर्षं वाचतो आहे. ज्यांनी मला हलवून सोडलं त्यातल्या बहुतेकांनी लेखनाचा कुठलाच वर्ग केलेला नव्हता. त्यांना आयुष्याने शिकवलं. लेखक घडवता येत नाही, तो असावा लागतो, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. दुसरी भीती म्हणजे एकसाचीपणाची. पंधरा जणांनी तावूनसुलाखून घेतलेली कथा पंधरा जणांना खटकणार नाही अशी होते. मला तर खटकणारी कथाच लक्षात राहते.

निळी शाई:

अनुस्वारताई, तुमच्या त्या विद्यार्थिनीच्या जागी मी होते. तुमच्या वर्गात नव्हे, दुसऱ्या एका विद्यापीठात. लेखकाने बोलायचं नाही हाच नियम. माझ्या कथेतलं निवेदन मी माझ्या घरच्या बोलीत लिहिलं होतं. एकाने सुरुवात केली, "संवादात बोली ठीक आहे, निवेदनात वाचायला त्रास होतो." मग सगळे तेच बोलले. कथेत एक मूल हरवतं, त्यावर अर्ध्या तासात कुणी चकार शब्द काढला नाही. मला ओरडून सांगायचं होतं की सांगणारी बाई अशीच बोलते, तिने प्रमाण भाषेत सांगितलं तर ती खोटी पडेल. पण नियम! सरांनी समारोप केला, "वाचकाचा विचार करा." मी घरी येऊन पूर्ण कथा प्रमाण भाषेत लिहिली, चांगले गुण मिळाले, आणि त्यानंतर सहा वर्षं काही लिहिलं नाही.

आता पुन्हा लिहिते आहे, बोलीतच. पण ती सहा वर्षं मला कुणी परत देणार नाही. म्हणून तुम्ही चूक उघड कबूल केलीत त्याबद्दल मनापासून आभार.

पाऊलवाट:

निळी शाई, तुमचा अनुभव वाचून अमेरिकन लेखिका सान्ड्रा सिस्नेरोस आठवली. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातून 1978 मध्ये एमएफए, म्हणजे सर्जनशील लेखनातली पदव्युत्तर पदवी. मेक्सिकन कामगार कुटुंबातली मुलगी. तिथल्या एका चर्चासत्रात घर आणि स्मृती यांवर बोलणं चाललं होतं. पोटमाळे, जिने, तळघरं. तिच्या लक्षात आलं की असं घर आपल्या वाट्याला कधी आलंच नाही, आणि वर्गातल्या बाकीच्यांना ते गृहीतच आहे. त्या परकेपणातून तिने ठरवलं की या वर्गातल्या कुणालाही लिहिता येणार नाही ते आपण लिहायचं. 1984 साली आलेल्या तिच्या पहिल्या कादंबरीचं बीज तिथलं. म्हणजे वर्गाने तिला घडवलं खरं, पण वर्गाला नाकारण्यातून. प्रत्येकाला एवढं बळ असतंच असं नाही, हे मान्य.

थोडा इतिहास, कारण यात गोंधळ खूप असतो. आयोवाने 1922 मध्येच जाहीर केलं होतं की पदव्युत्तर पदवीसाठी प्रबंधाऐवजी सर्जनशील लेखन चालेल. तिथली लेखन कार्यशाळा रीतसर सुरू झाली 1936 मध्ये, आणि 1941 पासून 1965 पर्यंत पॉल एंगल या कवीने ती वाढवली. त्यानेच पुढे ह्वालिंग न्ये या लेखिकेसोबत 1967 मध्ये जगभरच्या लेखकांसाठी वेगळा कार्यक्रम काढला. आपले दिलीप चित्रे सत्तरच्या दशकात तिथे होते. मात्र तो कार्यक्रम म्हणजे वर्ग नव्हे, तिथे लेखक राहायला आणि लिहायला जातात. इंग्लंडात ईस्ट अँग्लिया विद्यापीठात माल्कम ब्रॅडबरी आणि अँगस विल्सन या दोन कादंबरीकारांनी 1970 मध्ये असा अभ्यासक्रम सुरू केला. पहिल्या वर्षीचा विद्यार्थी होता इयन मॅकइवन. दहा वर्षांनी तिथूनच काझुओ इशिगुरो बाहेर पडला, पुढे 2017 चा नोबेल मानकरी. या दोघांचं गद्य शेजारी ठेवून वाचा. एका साच्यातून निघालं असं कुणी म्हणणार नाही.

जुना वाचक:

पाऊलवाट, ते दोघे कुठेही गेले असते तरी लेखक झालेच असते, हे माझं म्हणणं. पण बोलीबद्दल निळी शाई यांनी लिहिलेलं वाचून वाईट वाटलं. तुमची ती कथा मूळ रूपात वाचायला आवडेल.

समास:

मी संस्कृत काव्यशास्त्र शिकवून निवृत्त झालो. या वादात आपल्याकडचं काही सांगावंसं वाटतं, कारण लेखन शिकवणं ही बाहेरून आलेली गोष्ट आहे असा सूर नेहमी लागतो.

अकराव्या शतकात काव्यशास्त्रकार मम्मटाने काव्याचं कारण सांगताना तीन गोष्टी एकत्र घेतल्या. शक्ती, म्हणजे उपजत प्रतिभा. निपुणता, म्हणजे लोकव्यवहार, शास्त्रं आणि काव्यं पाहून-वाचून आलेली जाण. आणि तिसरं, "काव्यज्ञशिक्षया अभ्यासः", काव्य जाणणाऱ्यांच्या शिकवणुकीखाली केलेला सराव. तिन्ही मिळून एक कारण, तीन वेगळी कारणं नव्हेत, असं तो मुद्दाम स्पष्ट करतो. म्हणजे जुना वाचक म्हणतात ती शक्ती त्याला मान्यच आहे. पण शिक्षणही त्याने त्याच सूत्रात बांधलं.

त्याच्याही आधी, दहाव्या शतकाच्या सुमारास, राजशेखर या कवीने कवीची दिनचर्या लिहिली. दिवसाचे प्रहर पाडले. सकाळच्या एका प्रहरात रचना. आणि चौथ्या प्रहरात, एकट्याने किंवा मोजक्या लोकांच्या बैठकीत, सकाळी लिहिलेल्याची परीक्षा. कारणही देतो: रसाच्या आवेशात लिहिणाऱ्याची दृष्टी विवेक करणारी नसते, म्हणून मागाहून तपासावं. अनुस्वार यांनी कालची पानं परक्यासारखी वाचण्याबद्दल लिहिलं ते वाचून मला हेच वाक्य आठवलं.

प्रतिभेचेही तो दोन प्रकार करतो. निर्माण करणारी ती कारयित्री, आस्वाद घेऊन पारखणारी ती भावयित्री. मला वाटतं या धाग्यावरचा वाद या दोन शब्दांत सुटतो. कारयित्री कुणी कुणाला देत नाही. भावयित्री संगतीने तयार होते. वर्ग चालतो तो तिच्यासाठी.

अनुस्वार:

समास सर, मी नमस्कार करते. अकरा वर्षं ज्याला नाव सापडत नव्हतं ते तुम्ही एका परिच्छेदात दिलंत. एम.ए.ला हे दोन शब्द पाठ केले होते, परीक्षेत लिहिलेही होते. आपल्याच वर्गात ते रोज घडतंय हे कधी लक्षात आलं नाही.

जुना वाचक, एकसाचीपणाची भीती खरी आहे, मी ती झटकून टाकणार नाही. मतं आधी ऐकवली की कथा गुळगुळीत होते. पंधरा मतांची सरासरी काढली तर उरतं ते कुणाचंच नसतं. पण प्रश्न विचारले तर उलटं होतं, कारण उत्तर एकट्या लेखकाकडे असतं. काळा दोरा त्या मुलाशिवाय कुणाला सुचला असता?

आणि निळी शाई, बोलीबाबत माझ्याही हातून असंच होता होता राहिलं. एका मुलाने निवेदन बोलीत लिहिलं तेव्हा माझ्या तोंडावर आलं होतं, "थोडं सोपं करशील का?" त्याआधीच वर्गातली एक मुलगी म्हणाली, "मला चार शब्द कळले नाहीत, पण पान उलटेपर्यंत ते मला यायला लागले." मी गप्प बसले. तेव्हापासून पहिल्या तासाला सांगते, की शब्द अडला तर "मला अडला" म्हणा, "अवघड आहे" म्हणू नका. पहिलं वाचकाबद्दल आहे आणि खरं आहे. दुसऱ्यात लेखकाला गुन्हेगार ठरवलं जातं. तुमच्या वर्गात एवढा एक नियम असता तर, असं वाटत राहिलं.

तासिका:

मीही शिकवते, दुसऱ्या विषयात, पण यंदा लेखनाचा एक पेपर माझ्याकडे आला आहे. माझे प्रश्न व्यवहारातले आहेत. गुण कसे देता? आणि यंत्राकडून, म्हणजे एआयकडून, लिहून आणलेल्या कथांचं काय करता? माझ्याकडे पहिल्याच महिन्यात तीन कथा आल्या, तिन्ही सफाईदार आणि तिन्हींत शेवटी पाऊस पडतो.

अनुस्वार:

गुण प्रतिभेला देत नाही, देताही येत नाहीत. वर्ग बारा जणांचा असतो आणि सत्रात प्रत्येकाची पाळी दोनदा येते. प्रत्येक कथेचे तीन खर्डे मागते, आणि सोबत एक पान: काय बदललं, काय बदलायला सांगितलं होतं पण बदललं नाही, आणि का. सर्वाधिक गुण त्या पानाला. गेल्या वर्षी सगळ्यात चांगले गुण एका मुलीला मिळाले. तिची कथा फसली होती आणि नेमकी कुठे फसली ते तिने त्या पानावर दाखवलं होतं. परीक्षा विभागाला हे पटवायला एक वर्ष गेलं, तयारी ठेवा.

यंत्राबद्दल मी सुरुवातीला घाबरले होते. पकडण्याच्या मागे लागले, त्यात वर्गाचं वातावरण बिघडलं. मग सोडून दिलं, कारण प्रश्नांची फेरी ते काम आपोआप करते. "काडीला दोरा कुणी गुंडाळला?" याचं उत्तर ज्याने लिहिलंच नाही त्याच्याकडे नसतं. आणि तो क्षण अपमानाचा होऊ द्यायचा नाही, हे फार महत्त्वाचं आहे. एक मुलगा असाच अडकला, लालबुंद झाला. मी म्हटलं, "या कथेतली तुझी स्वतःची अशी एक वस्तू सांग." बराच वेळ विचार करून म्हणाला, "एकही नाही." पुढच्या वेळी त्याने दीड पान आणलं, अशुद्ध, अर्धवट, आणि त्याचं स्वतःचं. तुमच्या त्या तिघांना पावसाबद्दल विचारून पाहा. तो पाऊस कुणाला भिजवतो, कोण छत्री विसरलं होतं?

पाऊलवाट:

कथा तपासण्यावरून एक जोडी आठवली: पुढे नावाजलेला अमेरिकन कथाकार रेमंड कार्व्हर, आणि त्याचा शिक्षक कादंबरीकार जॉन गार्डनर. पन्नासच्या दशकाच्या अखेरीस, कॅलिफोर्नियातल्या चिको इथल्या कॉलेजात. तेव्हा गार्डनरची एकही कादंबरी छापून आली नव्हती. कार्व्हरवर संसार, दोन लहान मुलं आणि लिहायला जागा नाही. गार्डनरने त्याला स्वतःच्या कार्यालयाची किल्ली दिली, शनिवार-रविवारी तिथे बसून लिही म्हणाला. कथा तपासताना काही शब्द सरळ खोडायचा, तिथे वाद नाही. काही शब्दांना नुसता कंस करायचा. कंसातल्यावर चर्चा, लेखकाचं ऐकून घेणार. आणि त्याचा तो प्रसिद्ध सराव: युद्धात नुकताच मुलगा गमावलेल्या माणसाच्या नजरेतून एका कोठाराचं वर्णन करा. मुलगा, युद्ध, मृत्यू, कशाचाही उल्लेख नको.

अनुस्वार, मला विचारायचं होतं की तुम्ही खोडता का? की फक्त कंस?

अनुस्वार:

फक्त कंस. पेन्सिलीने. खोडण्याचा अधिकार मला स्वतःच्या पानांवर आहे. गार्डनरचं वेगळं होतं, त्याच्यासमोर कार्व्हर होता आणि दोघांचा एकमेकांवर विश्वास होता. बारा जणांशी तसं नातं जुळायला वर्ष लागतं आणि मला सत्रच मिळतं. पण किल्लीची गोष्ट मला खोडण्यापेक्षा मोठी वाटते. दर सत्रात दोघं-तिघं असे असतात ज्यांना फक्त दार बंद करता येईल अशी जागा हवी असते. आम्ही वर्गाची खोली संध्याकाळी दोन तास उघडी ठेवतो. तिथे कुणी शिकवत नाही.

तासिका:

कादंबरीचं कसं करता? सत्र चार महिन्यांचं. त्यात कथा बसते, कादंबरी कशी बसेल?

अनुस्वार:

बसत नाही. लेखनवर्गातून कथा जास्त निघतात याचं एक कारण हेच, की वेळापत्रकात कथा मावते. कादंबरीवाल्यांकडून मी पहिली तीस पानं आणि एक नकाशा घेते. नकाशा शब्दशः. पात्रांच्या घराचा, दारं कुठे उघडतात, रात्री दिवा लागला तर कुणाच्या खोलीतून दिसतो. कादंबरीकार नाबोकोव्ह अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात 1948 पासून साधारण दहा वर्षं साहित्य शिकवत होता, तो फळ्यावर असेच आराखडे काढायचा: काफ्काच्या किडा झालेल्या माणसाचं घर, टॉलस्टॉयच्या नायिकेच्या आगगाडीचा डबा. मुलांना आधी वाटतं हा वेळकाढूपणा आहे. मग एकीला नकाशा काढताना कळतं की तिच्या कादंबरीत सासू आणि सून यांच्या खोल्यांमधली भिंत एकच आहे. आणि दोनशे पानांचं कथानक त्या भिंतीतून निघतं.

निळी शाई:

ताई, एक विचारू? शिकवण्याने तुमचं स्वतःचं लेखन आटलं नाही का?

अनुस्वार:

आटलं. खोटं बोलणार नाही. अकरा वर्षांत दोनच कादंबऱ्या झाल्या, त्याआधीच्या सहा वर्षांत तीन झाल्या होत्या. दुसऱ्याचं पान मन लावून वाचायला लागते ती शक्ती माझ्या पानासाठी लागणारीच शक्ती आहे, वेगळी साठवलेली नाही. सत्र चालू असताना मी नवं लिहीत नाही, फक्त जुन्या पानांवर काम करते. पण या दोन कादंबऱ्या मला आधीच्या तिन्हींपेक्षा जवळच्या वाटतात. आता लिहिताना कुणीतरी डोक्यात विचारत असतं, "कुणी गुंडाळला?"

रात्रपाळी:

सगळा धागा दोनदा वाचला. मी विद्यापीठात वगैरे जाऊ शकणार नाही, वय आणि नोकरी दोन्ही आडवं येतं. रात्री काम, सकाळी झोप. लिहितो मात्र. वर्ग नसलेल्याने हे एकट्याने कसं करायचं?

समास:

राजशेखराने "एकट्याने किंवा मोजक्या बैठकीत" म्हटलं आहे, एकट्याने हे आधी. लिहिणं आणि तपासणं यांत अंतर ठेवा. त्याने दिवसाच्या दिवसात सांगितलं, तुम्ही आठवड्याचं ठेवा.

पारखणाऱ्यांचेही तो चार प्रकार करतो. काहीच न रुचणारा अरोचकी. गवतासकट सगळं गिळणारा सतृणाभ्यवहारी. दुसऱ्याचं चांगलं न बघवणारा मत्सरी. आणि तत्त्वाला भिडणारा तत्त्वाभिनिवेशी, जो हजारांत एखादा. मला वाटतं एकट्या लेखकाच्या मनात पहिले दोघे आलटून पालटून बसतात. आज सगळंच टाकाऊ वाटतं, उद्या सगळंच अपूर्व. त्या दोन्ही दिवशी कागदाला हात लावू नये.

अनुस्वार:

सरांशी सहमत. माझ्याकडून तीन कामं. मोठ्याने वाचा, जीभ अडखळेल तिथे खूण करा, लगेच दुरुस्त करू नका. मग प्रत्येक अमूर्त शब्दाखाली रेघ मारा, आठवण, एकटेपणा, दुःख, आणि त्याला विचारा, तू कुठल्या वस्तूत बसला आहेस? आणि शेवटचं वाक्य झाकून कथा वाचून पाहा.

इथेच करून बघता का? गार्डनरच्या सरावासारखंच. घरातून कुणी तरी गेलं आहे. त्या माणसाचा उल्लेख न करता चार-पाच ओळी.

रात्रपाळी:

प्रयत्न करतो. खरं की रचलेलं ते विचारू नका.

"मी कामावरून सातला येतो. परवा शेजारचे जिन्यात भेटले. म्हणाले, तुमच्या घरात रोज पहाटे साडेपाचला गजर होतो, बराच वेळ वाजत राहतो. मी म्हटलं, हो का. त्या दिवशी मला कळलं एकटेपणा म्हणजे काय."

जुना वाचक:

कागदावर काय आहे तेवढंच सांगतो, नियमाप्रमाणे. "हो का" वाचून मी थांबलो. पुढचं वाक्य लगेच वाचवलं नाही.

निळी शाई:

मला आधी एक प्रश्न पडला होता. सातला येणाऱ्या माणसाच्या घरात साडेपाचचा गजर कुणी लावला, हे मला कळलं. ते तुम्ही सांगितलं नाहीत तरी कळलं.

अनुस्वार:

माझाही एकच प्रश्न. शेजाऱ्यांनी सांगितल्यावर त्याने गजर बंद केला का?

रात्रपाळी:

नाही.

याचा विचार केला नव्हता. आता कामावर निघायचं आहे, उद्या सकाळी आल्यावर लिहितो.

रात्रपाळी:

"मी कामावरून सातला येतो. परवा शेजारचे जिन्यात भेटले. म्हणाले, तुमच्या घरात रोज पहाटे साडेपाचला गजर होतो, बराच वेळ वाजत राहतो. मी म्हटलं, हो का. वर आलो. घड्याळ दहा मिनिटं मागे पडलं होतं. सेल बदलला, वेळ लावली, आणि उशाशी होतं तिथे परत ठेवलं."